लाटणं घेऊन रस्त्यावर: पाणीवाली बाई आणि तिच्या मैत्रिणी



मुंबईत गोरेगावमधून कधी गेला असाल, तर मोबाइलच्या नकाशावर 'मृणालताई गोरे उड्डाणपूल' हे नाव दिसलं असेल. आपण ट्रॅफिक किती आहे ते बघतो आणि पुढे जातो. आज जरा त्या नावापाशी थांबूया.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. डॉक्टरकीचं शिक्षण सुरू होतं. पण राष्ट्र सेवा दलाच्या कामात त्या अशा गुंतल्या, की ते शिक्षण अर्ध्यावर सोडलं. चळवळीतलेच सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि दोघं गोरेगावात काम करू लागले. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान मुलगी. आता या बाई घरी बसतील, असं कुणाला वाटलं असेल तर ते चुकलं.

१९५७ साली गोरेगाव मुंबई महापालिकेत सामील झालं होतं. पण नकाशात येणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं! १९६१ मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी सोडलाच नाही. सभागृहात प्रश्न विचारायचा, उत्तर नाही मिळालं तर बायकांना घेऊन मोर्चा काढायचा. लोकांनीच मग त्यांना नाव दिलं, 'पाणीवाली बाई'.

आता विचार करा, पाणी हा 'बायकांचा प्रश्न' का झाला? कारण हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं काम बाईचं. नळ कोरडा राहिला की तिची झोप, तिचा रोजगार, मुलीची शाळा, सगळंच बुडतं. पण पाणी कुठे किती सोडायचं हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती बाई जवळजवळ नव्हतीच. मृणालताईंनी ही दोन टोकं जोडली.

मग आलं १९७२. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ. धान्य, तेल, रॉकेल, सगळ्याचे भाव चढलेले आणि रेशनच्या दुकानात माल नाही. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. यातला 'संयुक्त' हा शब्द फार महत्त्वाचा. मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट पक्षाच्या. यांच्या पक्षांचं एकमेकांशी पटायचंच असं नाही. पण रिकामा डबा कुठल्याही पक्षाचा नसतो, हे या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्यांनी हत्यार कोणतं निवडलं? लाटणं! हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. 'लाटणं मोर्चा' हे नाव तेव्हापासून मराठीत रुळलं. गंमत बघा, ज्या लाटण्यावरून बायकोची टिंगल करणारे विनोद व्हायचे, तेच लाटणं आता सरकारला हिशेब विचारत होतं. भाषण कधीच न केलेली बाईही मोर्चात येऊ शकत होती, कारण तिचा झेंडा तिच्याच ओट्यावर होता.

१९७५ मध्ये आणीबाणी आली आणि मोर्चे थांबले. मृणालताई भूमिगत राहून काम करत राहिल्या, पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. १९७७ ला निवडणूक झाली आणि त्या उत्तर मुंबईतून थेट लोकसभेत पोचल्या. अहिल्याताईही त्याच वेळी मुंबईतून खासदार झाल्या. इंदिरा गांधींचा पराभव झालेला. तेव्हा घोषणा गाजली, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में'!

पण गोष्ट इथे संपत नाही. ऐंशीच्या दशकात मृणालताई पुन्हा आमदार होत्या. गर्भातच मुलगी आहे का ते बघून गर्भपात करण्याचा धंदा तेव्हा उघड चालायचा. कार्यकर्ते आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध बाहेर लढत होते आणि विधानसभेत मृणालताईंनी तो विषय लावून धरला. १९८८ मध्ये महाराष्ट्रात गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा झाला. देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. शिवाय नागरी निवारा परिषदेतून त्या सामान्य माणसाच्या घरासाठी लढल्या आणि गोरेगाव-दिंडोशीला हजारो घरं उभी राहिली. २०१२ मध्ये त्या गेल्या.

पुलाला त्यांचं नाव मिळालं, चांगलंच झालं. पण एक गोष्ट मला टोचते. मोर्चातल्या त्या हजारो बायका कोण होत्या? कुणी गिरणी कामगाराची बायको असेल, कुणी धुणीभांडी करणारी, कुणी मास्तरीणबाई. नेत्यांची नावं इतिहासात आली, यांची नाही. आणि यांच्याशिवाय मोर्चा हा नुसता शब्दच राहिला असता.

म्हणून आज एक काम करा. घरात, शेजारी कुणी सत्तरी ओलांडलेली आजी असेल, तर तिला विचारा, "आजी, लाटणं मोर्चा आठवतो का गं? तेव्हा रेशनला काय मिळायचं?" आणि ती बोलायला लागली की फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. तिची परवानगी घेऊन हं! ती गेली नसेल मोर्चाला, तरी त्या दिवसांत तिने घर कसं चालवलं, हाही इतिहासच आहे. फक्त तो अजून कुणी लिहून घेतलेला नाही.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!