दिव्याची साक्ष

संगीत नाटकामुळे ‘ऑर्गन’ हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. परंतु आपल्या रंगभूमीने आपलासा केला तो पायाने भाता मारावयाचा, पितळी रीडांचा ऑर्गन. युरोपातील मोठ्या चर्चमधला ऑर्गन शेकडो, कधी हजारो नळ्यांचा असतो. एका जातीच्या नादाची एक रांग आणि प्रत्येक रांगेला एक दांडी, अशी त्याची मांडणी. दांडी ओढली की रांग बोलावयास सिद्ध होते; आत ढकलली की मुकी होते. ह्या दांडीलाच स्टॉप म्हणतात. हार्मोनियमचे स्टॉप त्याच कुळातले.

ह्या जुन्या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. दांडी लाकडी कांबींनी थेट नळ्यांखालच्या पेटीशी जोडलेली असे. ती बाहेर दिसली म्हणजे रांग खुली असलीच पाहिजे. वादकाच्या डोळ्यांना दिसे तेच खरे असे.

पुढे ऑर्गन वाढले, पट्ट्या दाबताना बोटे थकू लागली. चार्ल्स बार्कर ह्या इंग्रजाने वाऱ्याच्या दाबानेच हे काम हलके करणारी तरफ काढली. पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील १८४१ च्या ऑर्गनात ती बसली. नंतर विजेचे प्रयोग सुरू झाले. टेलिफोनच्या धंद्यातून आलेल्या रॉबर्ट होप-जोन्सने १८८० च्या दशकात बर्कनहेडच्या सेंट जॉन चर्चमधील ऑर्गनाला विजेची तार जोडली आणि वादकाला नळ्यांपासून दूर बसणे शक्य झाले. सोय मोठी झाली खरी, पण हात आणि नळी ह्यांच्यामधला प्रत्यक्ष संबंध अशा तारांनीच तोडला.

त्यात एका बटणासरशी अनेक स्टॉप एकदम बदलण्याची सोय होतीच. मग समोर दिसते ते आणि आत चालते ते जुळावे कसे? एक उपाय असा की विद्युतचुंबकांनी दांड्याच मागेपुढे हलवाव्या. दुसरा उपाय इंग्लंडच्या कॉम्प्टन कारखान्याने १९३० च्या दशकात रूढ केला: दांडी जागची हलू नये, तिच्या गोल तोंडात दिवा असावा. बोट टेकले की दिवा लागे, पुन्हा टेकले की विझे.

१९८३ साली ‘मिडी’ ही पद्धत जगापुढे आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे पुरस्कर्ते. मिडीच्या तारेतून नाद जात नाही. जातो तो निरोप, सेकंदाला ३१,२५० बिट ह्या वेगाने. आणि मूळच्या पाच टाचण्यांच्या तारेतून तो एकाच दिशेने जातो. उत्तर हवे असेल तर दुसरी तार जोडावी लागते.

आज खऱ्या नळ्यांचे ध्वनिमुद्रण संगणकात ठेवून घरोघर ऑर्गन उभारता येतो, आणि स्टॉपसाठी दिव्यांच्या बटणांचा फलक मिळतो. जुळणी करताना पुष्कळ जण बटणाचा दिवा बोटावरच सोपवितात: दाबले की लागला. पण एका आज्ञेने संगणकातील दहा स्टॉप बदलले, तर फलकाला त्याचा पत्ता नसतो. दिवे जुनेच सांगत राहतात. वादक मंद बासरीच्या भरवशावर पट्टी दाबतो आणि कर्णा गर्जतो.

ह्यावर उपाय साधा आहे. बटणाने ‘मला दाबले’ एवढाच निरोप धाडावा आणि स्वतःचा दिवा स्वतः लावू नये. स्टॉप खरोखर चालू झाला की संगणकाने उलट निरोप पाठवावा. बहुतेक फलकांत तोच क्रमांक १२७ ह्या मूल्याने आला की दिवा लागतो, शून्याने आला की विझतो. यंत्र सुरू होतानाही संगणकाने सर्व स्टॉपांची स्थिती एकदा कळवावी.

लाकडी कांबीने जी साक्ष आपोआप दिली, ती विजेच्या युगात अशी मुद्दाम मागून घ्यावी लागते. आपण आज्ञा केली एवढे सांगणारा दिवा वादकाच्या उपयोगाचा नाही; आज्ञा पाळली गेली हे सांगणारा दिवाच त्याला हवा असतो.