मुरूम काढलेल्या माळावर गवत पुन्हा का उगवत नाही?

खर्डा म्हटले की १७९५ ची मराठे आणि निजाम यांची लढाई आठवते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातले हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. हा पर्जन्यछायेचा, कमी पावसाचा भाग. इथल्या माळरानांकडे अनेकदा 'पडीक जमीन' म्हणून पाहिले जाते आणि रस्त्याच्या भरावासाठी मुरूम लागला की आधी अशीच जागा शोधली जाते.

मुरूम म्हणजे काय?

दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झाला. ऊन, पाऊस आणि हवेने तो झिजून, कुजून भुसभुशीत होतो, तोच मुरूम. माळावर त्याच्यावरचा मातीचा थर अनेक ठिकाणी जेमतेम वीतभर असतो. पावसाचे पाणी याच मुरमातून खाली झिरपते आणि विहिरींना मिळते.

वीतभर मातीत काय असते?

पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या बहुवर्षीय गवतांची मुळे, त्यांचे बी आणि सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात वाळलेले गवत पहिल्या पावसात याच मुळांतून फुटते. सोबत तरवड, बोर, हिवर असतात. धनगरांची मेंढरे, काळवीट, लांडगे, खोकड या सगळ्यांचा आधार हे माळ आहेत. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले, तेही अशाच माळरानावर.

खाणीनंतर काय होते?

यंत्राने वरची माती आणि मुरूम एकत्र उचलला की मुळे आणि बी दोन्ही जातात. मागे उरतो उघडा, तापणारा कठीण थर. त्यावर पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते किंवा खड्ड्यात साचते. अशा जागी गाजर गवत, वेडी बाभूळ लवकर शिरतात. ही झुडपे लांबून हिरवी दिसली तरी त्यांतून मेंढरांना पुरेसा चारा मिळत नाही. मातीचा नवा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

मग उपाय काय?

• खोदकामापूर्वी वरची माती वेगळी काढून कमी उंचीच्या ढिगात ठेवणे. उंच ढिगात आतले बी आणि सूक्ष्मजीव मरतात.
• काम संपताच खड्ड्याचे काठ उतरते करून तीच माती परत पसरणे.
• पावसाच्या तोंडावर स्थानिक गवताचे बी पेरणे आणि गवत मूळ धरेपर्यंत चराई थांबवणे.
• माळावर दाट झाडे न लावणे. सावलीत ही गवते टिकत नाहीत.

कायदा काय सांगतो?

मुरूम हे गौण खनिज आहे. ते काढायला महसूल खात्याची परवानगी लागते आणि ब्रासप्रमाणे स्वामित्वधन भरावे लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणले.

ब्रासच्या हिशेबात मुरमाची किंमत धरली जाते. वरच्या वीतभर मातीची किंमत मात्र मेंढपाळाला उन्हाळ्यात चारा शोधताना कळते.