इस्पितळापासून उंबऱ्यापर्यंत

श्रोतेहो, आरोग्यसेवेचा इतिहास सांगायचा म्हणजे मोठमोठ्या इस्पितळांची यादी वाचायची, असे तुम्हांला वाटेल. माझ्या मते तो अंतराचा इतिहास आहे. रोगी आणि औषध यांच्यामधली वाट कोणी चालायची, रोग्याने की वैद्याने? या एका प्रश्नाभोवती तो फिरतो.

पहिली पावले शहरांत पडली. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ साली मुंबईत भायखळ्याचे इस्पितळ उघडले व त्याला जोडूनच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८६७ साली पुण्याचे ससून आले, १८९४ साली मिरजेस डॉ. वानलेस यांचे मिशन इस्पितळ उभे राहिले आणि १९२६ साली परळचे के. ई. एम. ही कामे थोरच. पण खेड्यात बाळंतीण अडली, बैलगाडीशिवाय दुसरे साधन नाही, तर तिला भायखळा काय कामाचा?

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुण्यापर्यंत पोचला. सरकारने घरे झडून रोग्यांना जबरीने हलवण्याचा मार्ग धरला. लोक इस्पितळाच्या नावानेच बिचकले आणि आजारी माणूस लपवू लागले. त्याच वेळी पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत दवाखाना चालवीत होते, आणि सावित्रीबाई स्वतः आजाऱ्यांना तिथे आणीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पाहा, आजार एकच. एकीकडे लोक दार लावून घेत होते. दुसरीकडे आपले माणूस दाराशी येत होते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर समितीचा अहवाल आला. हे भोरसाहेब मूळचे नाशिकचे. उपचार आणि रोगप्रतिबंध ही कामे वेगळी करू नका, खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे काढा, असे समितीने सांगितले. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ही केंद्रे उभी राहू लागली. आजचा सरकारी दंडक असा: सपाटीवर ३०,००० लोकवस्तीमागे एक केंद्र व ५,००० मागे एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० आणि ३,०००.

पण इमारत गावात आली म्हणजे सेवा घरात आली, असे होत नाही. हे ओळखले जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी. १९७० साली त्यांनी काम सुरू केले आणि पुढे गावोगावच्या बायांनाच शिकवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गरोदर बाईची देखभाल, स्वच्छ पाणी, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, हे सारे त्या शिकल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच वाट पुढे नेली. तेथील ३९ गावांत प्रशिक्षित बाया घरी जाऊन नवजात बाळ तपासू लागल्या: वजन करायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचे. तीन वर्षांत, १९९८ पर्यंत, हजारी ६२ वर असलेले नवजात बालमृत्यू २५ वर आले. बाळ वाचवायला दर वेळी इस्पितळाचीच पायरी चढावी लागते, ही समजूत तिथे मोडली.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई नेमली जाऊ लागली. वाट आता वैद्यकीय व्यवस्था चालू लागली, पण पाय मात्र आशाताईचे. आणि कागदावर ती आजही नोकर नाही, स्वयंसेविका आहे. ज्या बाईवर आपण बाळाचा जीव सोपवतो, तिच्या कष्टाचे मोल काय करायचे, हे अजून ठरवायचे आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक करा. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. उपकेंद्र, केंद्र आणि तालुक्याचे रुग्णालय यांची अंतरे त्यावर लिहायला सांगा. पावसाळ्यात त्यांतला कोणता ओढा आडवा येतो, तेही विचारा. त्या नकाशावरून ग्रामसभेत नेमके काय मागायचे, ते आपोआप कळेल.