साधन आले, सांगणे राहिले

हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहराच्या पश्चिम वेशीपाशी पटनचेरू हे गाव लागते. १९८५ सालच्या एप्रिल महिन्यात तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांना बोलावण्यात आले होते. दोन महिने गर्भधारणा टाळणारे ‘नेट-एन’ नावाचे इंजेक्शन त्यांना द्यावयाचे होते. औषध हाताशी होते आणि ते देणारेही होते. परंतु हे औषध अद्याप चाचणीच्या अवस्थेत आहे, ही गोष्ट त्या स्त्रियांना कोणी सांगितली नव्हती. हैदराबादच्या ‘स्त्री शक्ती संघटना’ या संस्थेच्या कार्यकर्त्या तेथे पोहोचल्या. औषधाचे स्वरूप आणि त्याचे संभाव्य परिणाम त्यांनी समजावून सांगताच बऱ्याच स्त्रिया इंजेक्शन न घेता घरी परतल्या.

आरोग्य केंद्रातील साधनांचा तुटवडा म्हटला म्हणजे रिकाम्या फळ्या डोळ्यांपुढे येतात. तो तुटवडा खराच आहे, आणि गरीब देशांतील असंख्य कुटुंबांना त्याची झळ पोहोचते. परंतु पटनचेरूला फळी भरलेली होती आणि तरीही काही तरी उणे होते. ते उणे कोणते, हे समजण्यासाठी या साधनांचा आपल्या देशातील प्रवास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले, तेव्हा सांगणारा माणूस होता, पण साधन दुर्मिळ होते. रबराच्या वस्तू बहुतेक परदेशांतून येत आणि सामान्य माणसाच्या खिशाला त्या परवडत नसत. या कामापायी कर्व्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक नेटाने चालविले. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी रुग्णालयांतून अशी केंद्रे सुरू केली, ही त्या काळी मोठीच धाडसाची गोष्ट होती. पुढे महायुद्धात मलाया जपानच्या हाती गेला आणि जगभर रबराचीच चणचण निर्माण झाली. दूरच्या एका रणांगणावरील घडामोड आपल्या घरातल्या गरजेशी कशी जोडलेली असते, याचे ते एक उदाहरण होते.

स्वातंत्र्यानंतर, पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या संयमाच्या शिकवणुकीतील होत्या. त्यांच्या निमंत्रणावरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना १९५१ मध्ये भारतात पाठविले. म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवावयाचा आणि जपण्याचे दिवस ओळखावयाचे. या पद्धतीला ना कारखाना लागत होता, ना आयात. कॅथलिक धर्मपीठालाही हीच नैसर्गिक रीत मान्य होती. परंतु ती साधण्यासाठी पतिपत्नींनी एकमेकांशी बोलणे आणि कोणी तरी त्यांना धीराने पुन्हा पुन्हा समजावणे आवश्यक होते. ते घडले नाही आणि प्रयोगाला फारसे यश आले नाही.

मग काळ आला पुरवठ्याचा. १९६५ मध्ये लूपची देशव्यापी मोहीम निघाली. पहिल्या दोन वर्षांत लाखो स्त्रियांनी ते बसवून घेतले. पण रक्तस्राव झाला, वेदना झाल्या, तर जावयाचे कोणाकडे, याची सोय खेड्यांत नव्हती. अफवा पसरल्या आणि तिसऱ्या वर्षापासून आकडे उतरणीला लागले. लूपची वाण कधीच नव्हती; नंतरची विचारपूस मात्र कोठेच नव्हती. १९६८ मध्ये ‘निरोध’ आला. तीन नग पंधरा पैशांना! प्रथम परदेशांतून माल आणला गेला आणि १९६९ पासून सरकारच्या हिंदुस्थान लेटेक्स कारखान्यात, तिरुवनंतपुरम येथे, उत्पादन सुरू झाले. चहा, साबण, विडीकाडी आणि बॅटऱ्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या मालासोबत ‘निरोध’ दुकानादुकानांत पोहोचविला. चहाची पुडी जेथवर जाते तेथवर साधनही जाऊ शकते, हे त्या योजनेने दाखवून दिले.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र निराळाच मार्ग आला. दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः तेलुगू प्रदेशात, सारा भर स्त्रियांच्या शस्त्रक्रियेवर राहिला. ठरवून दिलेल्या आकड्यांची सक्ती केंद्र सरकारने १९९६ मध्ये उठविली. पण पडलेली वाट तशीच राहिली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ६२ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. देशाचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. गोळ्या, निरोध, तांबी या साऱ्या तात्पुरत्या साधनांचा तेथील एकत्रित वाटा पाच टक्क्यांच्याही आत होता. जेथे मागणीच नोंदली जात नाही, तेथे फळी रिकामी राहिली तरी कोणाच्या लक्षात यावे? ज्या जोडप्याला दुसरे मूल हवे आहे, पण तीन वर्षांनी, त्याची गरज अशा हिशेबात बसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शस्त्रक्रिया काही काळ थांबल्या, तेव्हा एकाच उपायावर विसंबण्यातला धोका उघड झाला.

पटनचेरूचे प्रकरण येथेच येऊन मिळते. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची ‘सहेली’ आणि इतर काहींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. चौदा वर्षे खटला चालला. २००० साली त्याचा निकाल लागला, तेव्हा पुरेसे समुपदेशन आणि नंतरची देखरेख यांची सोय असल्याखेरीज हे इंजेक्शन सार्वत्रिक कार्यक्रमात आणले जाणार नाही, अशी भूमिका सरकारने मांडली. दरम्यान हैदराबादच्या याच कार्यकर्त्यांनी स्त्रियांच्या आरोग्याविषयी तेलुगूत एक पुस्तक सिद्ध केले. त्याचे नाव ‘सवालक्ष संदेहालु’, म्हणजे सव्वा लाख शंका. विचारावयाचे राहून गेलेले प्रश्न किती असतात, हे त्या नावातच आले.

२०१७ पासून तीन महिन्यांचे ‘अंतरा’ हे दुसरे इंजेक्शन सरकारी केंद्रांत मिळू लागले आणि साठ्याची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्थाही त्याच वर्षी आली. अशा औषधाची एक मात्रा चुकली की आधीच्या मात्रेचा आधार संपतो. तेव्हा अखंड पुरवठा हाच त्याचा प्राण होय. आणि पुरवठ्याची दोरी किती दूरच्या हातात असू शकते, हे २०२५ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेने परदेशांना द्यावयाचे साहाय्य आवरते घेतले आणि गरीब देशांसाठी घेतलेली सुमारे ९७ लाख डॉलर किमतीची साधने बेल्जियममधील गुदामांत अडकून पडली. वस्तू तयार होती, स्त्रिया वाट पाहत होत्या, मध्ये एक सही आडवी आली.

साधनांविषयी माणसांची मते वेगवेगळी राहतील. कोणाचा धर्म, तर कोणाची सद्सद्विवेकबुद्धी त्यांतील एखादे नाकारील. त्या मतभेदाला समाजात जागा असली पाहिजे. परंतु जी स्त्री आरोग्य केंद्राची पायरी चढते, तिला काय उपलब्ध आहे, काय नाही, त्याचे परिणाम कोणते आणि ‘नको’ म्हणण्याची मुभा कशी आहे, हे खरे सांगावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. साठा-नोंदवहीत गोळ्यांची पाकिटे मोजता येतात. समजावून सांगितलेल्या शब्दांसाठी त्या नोंदवहीत रकाना नाही. आणि पटनचेरूच्या केंद्रात जे उणे होते, ते नेमके तेच.