मतदार आणि विकत घेतलेली बातमी

अमेरिकेत नभोवाणी-दूरचित्रवाणीवर वादग्रस्त विषयाच्या सर्व बाजू मांडण्याचे बंधन १९८७ मध्ये उठले. वाहिन्या पक्षपाती झाल्या, ही तेथील उदारमतवादी मतदाराची जुनी तक्रार. मराठवाड्यातील मतदारापुढे २००९ च्या विधानसभा निवडणुकीत निराळाच प्रश्न आला. एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून छापला गेल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी नांदेडच्या उदाहरणाने दाखवले. पक्षपात निदान ओळखता येतो. ‘पेड न्यूज’ ओळखावी कशी? आता धाराशिवसह प्रत्येक जिल्ह्यात निवडणूककाळात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती अशा मजकुराची छाननी करते. तो पैशांचा ठरल्यास खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. नांदेडचे प्रकरण मात्र निवडणूक आयोगापुढे २०१४ पर्यंत चालले. तोवर त्या विधानसभेची मुदतच संपत आली होती.