प्रकाश-उत्प्रेरणाने सांडपाण्याचे शुद्धीकरण

सूर्यप्रकाशात क्रियाशील होणाऱ्या अर्धसंवाहक पदार्थांच्या नॅनोकणांनी सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषके विघटित करण्याची पद्धत. टिटॅनियम डायऑक्साइड हा यातला सर्वाधिक अभ्यासलेला उत्प्रेरक असून भिंतींच्या पांढऱ्या रंगातही तोच असतो.

या पदार्थाच्या विद्युत् अग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होत असल्याचे जपानमधील अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच्याच चूर्णाने पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीकरण घडवले.

ॲनाटेज या स्फटिकरूपातील कणाने सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे जंबुपार, प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जातो आणि मागे धनभारित पोकळी उरते. पोकळीमुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मुक्तमूलक, तर इलेक्ट्रॉनमुळे ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड तयार होते. रंगद्रव्ये, कीटकनाशके, प्रतिजैविके यांचे रेणू ही मूलके तोडतात. बहुतेक इलेक्ट्रॉन मात्र पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच पोकळीशी पुन्हा जुळतात आणि ऊर्जा उष्णतेत वाया जाते.

दुसरी अडचण उन्हाचीच आहे. त्यात जंबुपार किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के. म्हणून दृश्य प्रकाश शोषणारे बिस्मथ व्हॅनेडेट, कार्बन नायट्राइड यांसारखे पदार्थ पुढे आले. कॅडमियम सल्फाइडही दृश्य प्रकाश शोषते, पण उजेडात ते स्वतःच झिजून विषारी कॅडमियम पाण्यात सोडते; जलशुद्धीकरणासाठी ते सुचवणे चुकीचेच.

प्रयोगशाळेतील यश बहुधा मिथिलीन ब्लूचा रंग उडण्यावरून मोजले जाते. हा निकष अपुरा आहे. हे रंगद्रव्य स्वतः प्रकाश शोषते, त्यामुळे उत्प्रेरकाच्या क्षमतेबद्दल गैरसमज होतो. शिवाय कापडउद्योगातील ॲझो रंगांचा नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटला की पाणी नितळ दिसते, पण ॲरोमॅटिक अमाइनांसारखी घातक संयुगे त्यात राहू शकतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हेही तपासलेच पाहिजे.

प्रत्यक्ष सांडपाण्यातील गढूळपणा प्रकाश अडवतो. बायकार्बोनेट व क्लोराइड मुक्तमूलके खर्ची घालतात. वापरलेले नॅनोकण गाळून परत मिळवणेही खर्चिक असते, आणि ते काचेवर बसवले तर क्रियाशील पृष्ठभाग घटतो. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात वक्र आरसे व काचनळ्यांच्या संयंत्रांवर या पद्धतीच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. जैविक प्रक्रियेनंतर उरलेल्या चिवट प्रदूषकांसाठी, शेवटचा टप्पा म्हणून, ती सर्वाधिक उपयुक्त ठरते. जड धातू तिने नष्ट होत नाहीत. विषारी षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूप होते, पण ते पाण्यातून वेगळे काढावेच लागते.