शब्दवेध : हेल मेरी

अँडी वीअरची २०२१ची विज्ञानकादंबरी ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ हाती घेतल्यावर ही मेरी कोण, असा प्रश्न पडतो. मेरी म्हणजे येशूची आई, आणि ‘हेल मेरी’ ही कॅथलिकांची रोजची प्रार्थना. कादंबरीतल्या अंतराळात ती पोचली मात्र फुटबॉलच्या मैदानावरून. अमेरिकी फुटबॉल, म्हणजे बहुतेक हातानेच खेळतात तो!

२८ डिसेंबर १९७५. मिनेसोटा व्हायकिंग्ज १४-१० असे पुढे, खेळ जेमतेम अर्धा मिनिट उरलेला. डॅलस काउबॉइजच्या रॉजर स्टॉबॅकने मैदानाच्या मध्यावरून चेंडू भिरकावला, ड्रू पीअरसनने तो कसाबसा कमरेशी अडकवला आणि सामना फिरला. पीअरसनने बचावपटूला ढकललं, असा व्हायकिंग्जवाल्यांचा आरोप. गर्दीतून आलेली बाटली एका पंचाच्या कपाळावर बसली. कॅथलिक स्टॉबॅक नंतर म्हणाला, डोळे मिटले आणि ‘हेल मेरी’ म्हटली. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? अशा अखेरच्या क्षणीच्या लांब फेकीलाच ‘हेल मेरी’ हे नाव चिकटलं.

पण शब्द त्याहून जुना. १९२२मध्ये जॉर्जिया टेकविरुद्ध नोटर डेम विद्यापीठाच्या पोरांनी हीच प्रार्थना करून गुण मिळवले. ती सुचवणारा गडी प्रेस्बिटेरियन, म्हणजे मेरीची प्रार्थना न करणारा, असं त्या संघातला जिम क्राउली रंगवून सांगे. तेव्हा शब्दात लांब फेकीची अट नव्हती. निकराची कुठलीही चाल चाले. आता हरत आलेला उमेदवारही प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात ‘हेल मेरी’ टाकतो.